अद्भुताचा हिशेब

लोणारला मी पहिल्यांदा गेलो तो शाळेच्या सहलीबरोबर. दैत्यसूदनाच्या मंदिरात गुरुजींनी आम्हाला लवणासुराची गोष्ट सांगितली. हा दैत्य जमिनीखाली विवरात राहायचा आणि विवराच्या तोंडावर दगडाचं प्रचंड झाकण होतं. त्याला शोधायचं कसं, हे देवांना कळेना. तेव्हा विष्णूनं देखण्या तरुणाचं रूप घेतलं. दैत्याच्या दोन बहिणी त्याच्यावर भुलल्या आणि भावाची लपण्याची जागा सांगून बसल्या. विष्णूनं पायाच्या अंगठ्यानं झाकण उडवलं आणि दैत्याला मारलं. दैत्याच्या रक्ताचं पाणी झालं आणि मांसाचं मीठ.

आमच्यातल्या एकानं विचारलं, "गुरुजी, मग झाकण कुठं पडलं?" गुरुजींनी दूरच्या एका टेकडीकडे बोट दाखवलं. नंतर आम्ही सरोवराच्या काठी उतरलो. सांगूनही कुणी ऐकलं नाही, प्रत्येकानं पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. पाणी खारट होतं. आमच्यापुरती गोष्ट सिद्ध झाली.

हे सरोवर उल्कापातानं झालं, बेसॉल्टमधलं हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे, हे मी पुढे वाचलं. त्यानं गुरुजींची गोष्ट पुसली गेली नाही. लोककथेनं जे काम केलं ते मला आज अधिक स्पष्ट दिसतं. तिनं चमत्कार सांगितला आणि लगेच त्याचा हिशेब दिला. झाकण उडालं, तर ते कुठेतरी पडलं पाहिजे. दैत्य मेला, तर त्याचं काहीतरी उरलं पाहिजे. भावाचा घात झाला, तर घरातल्याच कुणीतरी तो केलेला असला पाहिजे.

गेली काही वर्षं एक प्रश्न माझ्या डोक्यात घोळतो आहे. पुराणातल्या किंवा अद्भुतरम्य कादंबरीतल्या कथेवर दूरचित्रवाणीची मालिका निघते, कोट्यवधी रुपये ओतले जातात, महाल उभे राहतात, संगणकावर अक्षौहिणी सैन्य तयार होतं, आणि तरी पाहणारा हिरमुसतो. असं का होतं? 'मूळ कथा बदलली म्हणून' हे नेहमीचं उत्तर. मीही अनेक वर्षं तेच देत होतो. आता ते मला पुरेसं वाटत नाही. का, ते सांगण्यासाठी हा लेख.

उदाहरण म्हणून मी मुख्यतः महाभारत घेतो आहे. ज्यांची त्या ग्रंथावर श्रद्धा आहे त्यांना अद्भुतरम्य मालिकांच्या पंक्तीत तो बसवणं खटकेल. माझा रोख श्रद्धेवर नाही. नाट्यशास्त्रानं रसांमध्ये अद्भुताला स्वतंत्र स्थान दिलं आणि विस्मय हा त्याचा स्थायीभाव मानला. त्या अर्थानं अद्भुताचं आपल्याजवळचं सर्वांत मोठं भांडार महाभारत हेच आहे. मराठी कादंबरीच्या सुरुवातीच्या काळातही अद्भुताला मोठी जागा होती. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ची, नाथमाधवांची 'वीरधवल' १९१३ची. पण पडद्यावर पुनःपुन्हा आलं ते महाभारत, आणि प्रेक्षकाला कथा आधीपासून ठाऊक होती तीही महाभारताचीच. त्यामुळे अपेक्षा आणि निराशा दोन्ही तिथं नीट तपासता येतात.

पोथी बांधण्याचा नियम

मेहकर तालुक्यातल्या आमच्या घरी चातुर्मासात 'पांडवप्रताप' लागायचा. श्रीधरस्वामी नाझरेकरांचा हा ग्रंथ १७१२चा, चौसष्ट अध्यायांचा. आजोबा वाचत, एक शेजारी अर्थ सांगत आणि ओसरीवर वीस-पंचवीस माणसं बसत. त्यातली निम्मी निरक्षर होती, पण कथा सर्वांना पाठ. वाचताना ओवी गाळली तर एखादी म्हातारी लगेच म्हणे, "मधलं राह्यलं."

आजोबांचा एक दंडक होता. द्रौपदीला सभेत उभी ठेवून पोथी बांधायची नाही. द्यूताचा प्रसंग निघाला की त्या रात्री कितीही उशीर होवो, वस्त्रं पुरवली जाईपर्यंत वाचन थांबत नसे. कंदिलात तेल कमी असलं तर आधीच भरून ठेवत. हा नियम कुठल्या ग्रंथात लिहिलेला मला आढळला नाही. विचारल्यावर आजोबा एवढंच म्हणाले, "बाई तिथं उभी हाये अन् आपण जाऊन झोपायचं?"

आजोबांची ती प्रत आता माझ्याकडे आहे, तांबड्या कापडात बांधलेली. प्रत्येक रात्रीचं वाचन जिथं थांबलं तिथं समासात पेन्सिलीची बारीक रेघ आहे. काही वर्षांपूर्वी मी त्या रेघा तपासत बसलो. सभेच्या प्रसंगात एकही रेघ नाही. इतरत्र मात्र आहेत, काही ऐन युद्धातही आहेत. म्हणजे उत्कंठा ताणायला आजोबांची हरकत नव्हती. ओलांडायची नाही अशी रेषा एकच होती. एखाद्याचं दुःख हे दुसऱ्यांना उद्या पुन्हा बोलावण्याचं साधन होऊ नये.

बदल कुणी केले नाहीत?

'मूळ बदललं' या तक्रारीकडे येऊ. मूळ म्हणजे कोणतं? पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानं १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिच्यातल्या सभापर्वाचं संपादन फ्रँकलिन एजर्टन या अमेरिकन पंडितानं केलं. त्या संहितेत वस्त्रं पुरवली जातात, पण द्रौपदीनं कृष्णाचा केलेला धावा मुख्य पाठात नाही. तो नंतरचा म्हणून तळटीपांत गेला आहे.

आता आपल्या घरांत काय सांगितलं जातं ते आठवा. कृष्णाचं बोट कापलं, रक्त वाहू लागलं, सुभद्रा चिंधी शोधत राहिली आणि द्रौपदीनं अंगावरचं भरजरी वस्त्र फाडून पट्टी बांधली. त्या चिंधीच्या ऋणापोटी कृष्णानं सभेत वस्त्रं पुरवली. 'श्यामची आई' या १९५३च्या चित्रपटातल्या गाण्यानं ही कथा महाराष्ट्रभर पोचवली. व्यासांच्या संहितेत ती नाही. कुणीतरी, बहुधा अनेकांनी मिळून, ती नंतर जोडली.

या जोडकामाचं स्वरूप पाहण्यासारखं आहे. आकाशातून वस्त्रं आली, एवढ्यावर ऐकणाऱ्याचं समाधान झालं नाही. ती कुणी दिली, हे भक्तिपरंपरेनं ठरवलं. का दिली, हे लोककथेनं ठरवलं आणि त्याला आधीचं एक देणं चिकटवलं. लवणासुराच्या झाकणासारखंच हे झालं. लोकांनी कथा बदलली, पण बदलताना चमत्काराची किंमत कुणीतरी आधी मोजली असल्याची तजवीज केली.

खुद्द व्यासांनी हेच धोरण पाळलेलं दिसतं. कुंतीला मंत्र मिळतो आणि कर्ण टाकून द्यावा लागतो. कर्णाला इंद्राची शक्ती मिळते, पण कवचकुंडलं कापून दिल्यावर, आणि तीही एकदाच वापरण्यापुरती. अर्जुनासाठी राखलेली ती शक्ती घटोत्कचावर खर्च होते आणि तिथंच कर्णाचं मरण नक्की होतं. भीष्माला इच्छामरण मिळतं ते सगळं आयुष्य गहाण टाकून. महाभारतात फुकट मिळालेली सिद्धी शोधायला गेलो तर हाती फारसं काही लागत नाही.

आधुनिक मराठी लेखकांनी तर मनसोक्त बदल केले. खांडेकरांची 'ययाति' १९५९ची, शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' आणि इरावती कर्व्यांचं 'युगान्त' १९६७चं. इरावतीबाईंनी चमत्कार जवळपास बाजूला ठेवले आणि माणसांच्या वागण्याचा जाब विचारला. वाचकानं ही पुस्तकं डोक्यावर घेतली. सावंतांचा कर्ण व्यासांचा नाही, हे जाणणाऱ्यांनीही ती कादंबरी पुन्हा पुन्हा वाचली. बदल हाच गुन्हा असता तर हे घडलं नसतं.

रविवारचं महाभारत

२ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९० या काळात बी. आर. चोप्रांची मालिका दूरदर्शनवर दाखवली गेली. आठवड्याला एक, असे ९४ भाग. आमच्या गावात तेव्हा दोनच टीव्ही होते, दोन्ही कृष्णधवल. वीज गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी सोडून आणायची. ओसरीवर पोथीला बसणारीच माणसं आता त्या टीव्हीपुढे बसू लागली.

आज ती मालिका पाहिली तर तिचा स्वस्तपणा लपत नाही. मुकुट पुठ्ठ्याचे वाटतात, बाण हवेत समोरासमोर येऊन थबकतात, सैन्यातले तेच ते लोक पुन्हा दिसतात. पण राही मासूम रझांनी पटकथेत 'समय' नावाचा निवेदक आणला आणि अर्धी बाजी तिथंच जिंकली. पडद्यावर फिरतं चक्र आणि हरीश भिमाणींचा आवाज, एवढ्यावर पिढ्या ओलांडता येत होत्या. आमच्या लोकांना ते मुळीच परकं वाटलं नाही. ओसरीवर अर्थ सांगणारा शेजारी हेच करायचा. मागे काय झालं, पुढे त्यातून काय निघणार आहे, हे तो सांगायचा आणि मग ओवी पुढे सरकायची. 'समय' हा हिशेब ठेवणारा होता.

या मालिकेनंही बदल केले. मयसभेत पाण्यात पडलेल्या दुर्योधनाला द्रौपदी 'आंधळ्याचा पुत्र आंधळा' म्हणते, हे आज बहुतेकांना व्यासांचंच वाटतं. व्यासांच्या सभापर्वात ते वाक्य तिच्या तोंडी नाही. तिथं भीम आणि सेवक हसतात. पुढे दुर्योधन बापाजवळ गाऱ्हाणं करतो तेव्हा हसणाऱ्यांत द्रौपदीचंही नाव घेतो. ही समजूत लोकांत आधीपासून होती, मालिकेनं ती पक्की केली. द्रौपदीवर हा अन्यायच आहे, असं माझं मत आहे. तरीही प्रेक्षक त्यानं नाराज झाला नाही, कारण हा बदलही कारण पुरवणारा होता. सूडाला बी मिळालं.

इथं प्रामाणिकपणे एक कबूल करायला हवं. चोप्रांच्या मालिकेतही द्यूत एका रविवारात मावलं नव्हतं. आजोबांचा दंडक तिथंच मोडला आणि ते आठवडे जड गेले. पण मधल्या सहा दिवसांत गावात जे चाललं ते मी विसरलो नाही. धर्मराज आधी स्वतःला हरला, मग बायको पणाला लावायचा हक्क त्याला राहिला का, या प्रश्नावर पारावर वाद झाले. द्रौपदीनं सभेला विचारलेला तोच प्रश्न. ज्यांनी कधी तोंड उघडलं नव्हतं अशा बायका विहिरीवर त्यावर बोलल्या. वाट पाहण्याच्या त्या दिवसांत लोक तिच्या बाजूनं भांडत होते.

आधी फळ, मग बी

२००८ साली एकता कपूर यांची 'कहानी हमारे महाभारत की' ९एक्स या वाहिनीवर आली. खर्चाची, कपड्यांची, नटांच्या कमावलेल्या शरीरांची चर्चा आधीपासूनच होती. गाजावाजा मोठा होता आणि स्पर्धाही मोठी. वाहिन्यांना त्या वर्षी पौराणिक मालिकांचं वेड लागलं होतं. मी आईला मुद्दाम टीव्हीपुढे बसवलं.

मालिकेनं सुरुवातीलाच द्रौपदीला सभेत आणलं. आजच्या पटकथाकाराचा तर्क समजण्यासारखा आहे. सर्वांत जोरदार प्रसंग आधी दाखवा, म्हणजे प्रेक्षक खिळेल, मग मागे जाऊन गोष्ट सांगू. आई थोडा वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "अजून त्या भीष्मानं शपथच घेतली नाही, अन् हिला सभेत कशी काय वढत आणली?"

मी समजावू लागलो की हे आधी दाखवून नंतर मागे जातात. ती म्हणाली, "मला ठावं हाये पुढलं. पण तो बसलेला म्हातारा कोन हाये, हे त्यायनं सांगितलं का?"

तिच्या बोलण्यात मला पुढे सगळं उत्तर सापडलं. सभेतल्या प्रसंगाचं बळ साडी ओढण्यात नाही. भीष्म गप्प बसतो, त्यात आहे. आणि ते गप्प बसणं कळायचं तर त्यानं तरुणपणी घेतलेली शपथ, तिच्यापायी अंबेचं झालेलं वाटोळं, सिंहासनाशी बांधून घेतलेली निष्ठा, हे सगळं प्रेक्षकाच्या खाती जमा असावं लागतं. जमा काही नसताना खर्च दाखवला, तर उरतो तो नुसता देखावा. ज्याला कथा ठाऊक आहे त्याला तो उथळ वाटतो, ज्याला ठाऊक नाही त्याला कळत नाही. ती मालिका काही महिन्यांतच, कथा पुरी न करता बंद पडली.

२०१३ची स्टार प्लसची मालिका अधिक विचारपूर्वक केलेली होती. सुमारे १०० कोटींच्या खर्चाच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. तिनं मोठा प्रेक्षक मिळवला, कृष्ण आणि द्रौपदीच्या भूमिका तरुणांना भिडल्या. तिला अपयशी म्हणणं खोटं ठरेल. माझ्या घरात ती अडली ती एका ठिकाणी. रोजच्या मालिकेत सभेचा प्रसंग कितीतरी संध्याकाळी चालला. संथ गतीत वळणाऱ्या माना, तोच आक्रोश करणारा सूर, प्रत्येक चेहऱ्यावर थांबणारा कॅमेरा, आणि मधे साबणाची जाहिरात. आई उठून आत गेली. नंतर तिनं ती मालिका कधी लावली नाही. एवढंच म्हणाली, "तुमच्या आजोबानं असं केलं नसतं."

चंद्रकांताची फुकटची जादू

आमच्या जिल्ह्याची उत्तर सीमा बुऱ्हाणपूरला लागून आहे, त्यामुळे हिंदी पुस्तकांचा राबता इकडे जुना. माझ्या वाचनातली पहिली मोठी अद्भुत कादंबरी मराठी नव्हती. ती होती देवकीनंदन खत्रींची १८८८ची 'चंद्रकांता'. ती वाचायला कित्येकांनी हिंदी शिकली, असं सांगतात. खत्रींनी चकिया-नौगढच्या जंगलांचे ठेके घेतले होते. तिथले पडके किल्ले आणि गुहा त्यांच्या तिलिस्मात उतरल्या.

या कादंबरीचं मर्म म्हणजे तिच्यात जादू जवळजवळ नाहीच. तेजसिंहासारखे ऐयार वेश पालटतात, बेशुद्धीची पूड हुंगवतात, दोर टाकून भिंती चढतात. त्यांच्या बटव्यात जे आहे तेवढंच त्यांचं सामर्थ्य. चेहऱ्यावरचा रंग धुतला गेला तर ऐयार पकडला जातो. तिलिस्मातले चमत्कारही कळा आणि यंत्रं यांचे असतात. आपण लिहिलेलं अशक्य नाही, असं खत्री आग्रहानं सांगत.

नीरजा गुलेरी यांनी १९९४ साली दूरदर्शनसाठी 'चंद्रकांता' केली आणि १९९६पर्यंत ती चालली. मालिका तुफान लोकप्रिय झाली. क्रूरसिंहाचं 'यक्कू' तर गावोगाव पोरांच्या तोंडी होतं. कादंबरीत क्रूरसिंहाचा काटा बराच लवकर निघतो. मालिकेनं त्याला वाढवलं आणि अखिलेंद्र मिश्रांनी त्यात असा जीव ओतला की त्या बदलाबद्दल तक्रार करायला मन धजत नाही.

पण कादंबरी वाचलेल्या माणसाची निराशा दुसऱ्या ठिकाणी होती. पडद्यावर खरीखुरी जादू आली, अमानवी शक्ती आल्या. ज्याला मंत्रानं काहीही करता येतं त्याला बटवा कशाला लागेल? ऐयाराची हुशारी मोठी वाटायची ती त्याच्याकडे दुसरं काही नसल्यामुळे. शक्ती फुकट झाली तशी हुशारीची किंमत उतरली. पहिले काही भाग आ वासून पाहणारे आम्ही पुढे पुढे सगळ्यालाच 'होईल काहीतरी' म्हणू लागलो. विस्मय संपतो तो असा.

खंडोबाच्या मेंढ्या

याच्या उलट उदाहरण मराठीतच आहे. झी मराठीवरची 'जय मल्हार' ही मालिका २०१४ ते २०१७ चालली. महेश कोठारे यांची निर्मिती. संगणकीय दृश्यं भरपूर, दागदागिने भरपूर, रोजचा भाग, म्हणजे आतापर्यंत मी ज्याला नावं ठेवली ते सगळं तिच्यात होतं. काही दृश्यांतला भडकपणा आजही खटकतो. तरी खेड्यापाड्यांत ती वर्षानुवर्षं जिव्हाळ्यानं पाहिली गेली.

कारण, वाघ्या-मुरळीच्या जागरणात ऐकलेला खंडोबा त्यात शिल्लक होता. हा देव बाणूसाठी धनगराच्या घरी चाकर होतो, मेंढ्या राखतो, घरी म्हाळसेचा राग सोसतो. देव असून त्याला संसार निस्तरावा लागतो. बाणू हवी तर तिच्या वाड्याची धूळ अंगाला लागणारच. देवानं चुटकी वाजवून दोन्ही बायकांचं भांडण मिटवलं असतं तर मालिका आठवडाभरात पडली असती. तेव्हा पैसा किंवा तंत्र हा दोषी नाही. संगणकावर उभ्या केलेल्या जेजुरीच्या पायऱ्याही चालतात, देवाला त्या चढताना धाप लागणार असेल तर.

पैशाचा स्वतःचा हिशेब

मग मोठ्या खर्चाच्या मालिकांनाच हा रोग अधिक का होतो? मला तीन कारणं दिसतात.

पहिलं असं की खर्च पडद्यावर दिसावा लागतो. ज्या महालावर कोटी घातले तो महाल पुन्हा पुन्हा दाखवला जातो. भीष्माचं मौन दाखवायला खर्च येत नाही, म्हणून ते जाहिरातीतही येत नाही. मालिकेची चर्चा सेट आणि पोशाख यांवर सुरू होते आणि लिहिणारेही नकळत त्याच दिशेनं लिहू लागतात.

दुसरं कारण वेळापत्रक. सेट उभा राहिला की तो भरून काढायला शेकडो भाग लागतात. पोथीला अध्यायाचा शेवट होता, रविवारच्या मालिकेला आठवडा होता. रोजच्या मालिकेला दर संध्याकाळी एक अर्धवट किंकाळी लागते. आकडे चांगले आले की प्रसंग ताणतात, पडले की पर्वंच्या पर्वं उडवतात. कथेतलं देणं-घेणं कथेच्या गतीनं फिटत नाही, मोजणीच्या आकड्यांनी ठरतं.

तिसरं कारण सर्वांत सूक्ष्म आहे. प्रेक्षकाला चमत्कार हवेत, अशी निर्मात्याची समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. चमत्काराचा माणसावर काय परिणाम झाला, हे त्याला हवं असतं.

हा दोष केवळ आपला नाही. 'गेम ऑफ थ्रोन्स' या इंग्रजी मालिकेचा शेवटचा हंगाम २०१९ साली आला तेव्हा तो पुन्हा करा, अशा मागणीवर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. देखाव्यात तो हंगाम आधीच्या सगळ्यांहून सरस होता. पण आधी ज्या प्रवासाला कित्येक भाग लागत, तो आता एका दृश्यात संपत होता. अंतराची किंमत नाहीशी झाली आणि जग खोटं वाटू लागलं. २०२२ साली टॉल्किनच्या विश्वावर अ‍ॅमेझॉननं 'द रिंग्ज ऑफ पॉवर' काढली. पहिल्या हंगामाच्या खर्चाच्या आकड्यांनी वर्तमानपत्रं भरली. टॉल्किननं हजारो वर्षांत पसरवलेल्या घटना तिथं एका पिढीत कोंबल्या गेल्या. ज्यांनी ग्रंथ वाचले होते त्यांनी काढलेला सूर आणि माझ्या आईनं काढलेला सूर यांत मला फरक वाटत नाही. भाषा तेवढी वेगळी.

भाच्याचा आक्षेप

या सगळ्यावर माझ्या भाच्याचा एक आक्षेप आहे आणि तो टाळता येत नाही. तो म्हणतो, "मामा, तुम्ही जे पोरवयात पाहिलं ते तुम्हाला खरं वाटतं. मला तुमचं ते पुठ्ठ्याचं महाभारत बघवत नाही. माझं महाभारत २०१३चं."

यात तथ्य आहे. आजोबांनीही १९८८ साली दोन भाग पाहून टीव्हीकडे पाठ फिरवली होती. त्यांच्या लेखी कृष्णाला ठरावीक चेहरा देणं हेच चुकीचं होतं. प्रत्येक पिढी आपल्याआधीच्या रूपाला मूळ समजते आणि नंतरच्याला भ्रष्ट. माझा हिशेबाचा सिद्धांतही कदाचित माझ्या वयाचा असेल.

तरी दोन गोष्टी मला आठवणींच्या मोहापलीकडच्या वाटतात. २०२०च्या टाळेबंदीत दूरदर्शननं रामानंद सागर यांचं 'रामायण' आणि चोप्रांचं 'महाभारत' पुन्हा दाखवलं. १६ एप्रिलचा 'रामायणा'चा भाग ७ कोटी ७० लाख लोकांनी पाहिल्याचं दूरदर्शननं जाहीर केलं. हे सगळे माझ्या वयाचे नव्हते. दुसरी गोष्ट घरातली. त्या दिवसांत तोच भाचा आमच्याकडे अडकला होता. पुठ्ठ्याच्या मुकुटांना हसत हसत तो आईशेजारी बसायचा. कर्णाची शक्ती घटोत्कचावर सुटली त्या दिवशी तो हसला नाही. आईला म्हणाला, "आजी, म्हणजे आता कर्ण मेलाच की." आई म्हणाली, "तो कवाच मेला, कुंडलं कापली तवाच."

तिनं पाहिलेलं ते शेवटचं महाभारत. पुढच्या वर्षी ती गेली.

तिच्या माघारी चातुर्मासात मी पोथी काढतो. ओसरीवर आता कुणी येत नाही. अर्थ सांगणारं घराणं औरंगाबादला गेलं, म्हाताऱ्या गेल्या. 'मधलं राह्यलं' म्हणून अडवणारा श्रोता उरला नाही, आणि मला वाटतं, या विषयातलं खरं नुकसान ते आहे. मालिका चांगल्या निघतील, वाईट निघतील. ज्या प्रेक्षकाला कथेचा जमाखर्च पाठ आहे तोच निराश होऊ शकतो, म्हणून निराश होणारा प्रेक्षक ही मला चांगली खूण वाटते. ज्या दिवशी कसलंही महाभारत कुणालाही चालेल, त्या दिवशी काळजी करावी.

यंदा भाचा दोन दिवस आला होता. सभेचा अध्याय निघाला. दहा वाजता त्याला म्हटलं, "उद्या सकाळी तुझी गाडी आहे, इथं थांबू या का?"

तो म्हणाला, "नको मामा, वस्त्रं येऊ द्या."

आम्ही बाराला पोथी बांधली.